चार झिरो, एक फुल

सायकलचे दोन स्पोक
फरशीवर घासून घासून टोक आणलेले,
मागच्या बाजूला खाकी सदऱ्याची बटणं,
टाके घसरू नयेत म्हणून.
ह्या माझ्या अकरा नंबरच्या सुया.
नंबर मीच ठरवला,
दुकानातल्या अकराशी त्याचा संबंध नाही.

करवंटीला खाच पाडली.
गुंडा आत फिरतो, धागा खाचेतून येतो,
मांजर नुसतं बघत बसतं.
खुणेसाठी नळाचे वायसर.
मोज्यांसाठी छत्रीच्या काड्या;
बायको म्हणाली, आता पावसात
मोजेच धरा डोक्यावर.

आणि ओळी मोजायला पंच.
निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा करायचा राहिला.
राहिला म्हणजे राहिलाच.
ओळ संपली की पुठ्ठ्याला एक भोक,
कट्.
खोलीत कुणी नसताना सुद्धा
हात आपोआप पुढं होतो, सुट्टे परत द्यायला.

शिकवलं बसाप्पानं.
बसाप्पा कमते, ड्रायव्हर,
कणकुंबी मुक्कामाची गाडी.
रात्रभर गाडीच्या पत्र्यावर दव टपटपायचं,
तो बॉनेटवर मांडी घालून विणायचा
बोनेटमधली उरलीसुरली ऊब संपेपर्यंत.
सुलट टाका त्यानं कन्नडात शिकवला,
उलट मी घरी येऊन मराठीत.
म्हणून अजून असंच मोजतो :
ओंदु, एरडु, तीन, चार.
मध्ये कुणी हाक मारली की संपलं.
पहिल्या स्वेटरची उजवी बाही
डावीपेक्षा चार बोटं लांब झाली.
बसाप्पानं निरखून पाहिली.
"घंटीची दोरी ओढायचा हात हा,
लांबच पायजे."

आता गुरुवारी वडगावात, तायव्वा चौगुल्यांच्या सोप्यावर.
शेजारी माग खडखडत असतात,
बोलायचं तर ओरडूनच.
गौरव्वा टोपी सोडून काही करत नाही;
गल्लीतल्या प्रत्येक बाळाला एक,
दोन मापानं मोठी, "वाढतंय की ते."
रझिया मुजावर रोज विणते, रोज उसवते,
केटलीच्या वाफेवर लोकर सरळ करते,
दोन वर्षांत तिची एकच लडी चाललीय.
फिलोमिनाबाई चष्मा विसरतात आणि
न बघता सगळ्यांत बारीक विणतात.

परवा सगळे राजहंसगडाला गेलो,
येळ्ळूरची गाडी धरून.
मशीन गळ्यात अडकवलेली पोरगी आली, नवीनच भरती.
बायकांना चार झिरो तिकिटं,
मला एक फुल.
चौघी हसल्या.
तीस वर्षं ह्याच रूटवर मी लोकांची तिकिटं फाडली
आणि आज ह्या गाडीत पैसे मोजलेला
बहुतेक मी एकटाच.

गडावर वाऱ्यात विणणं म्हणजे फजिती.
धागा आडवा उडतो, मग सुया मांडीखाली ठेवून
कडक भाकरी, शेंगाचटणी, रझियाचे चिरमुरे,
आणि तटावरून लांब बेळगाव बघत
कुणाचं घर कुठं यावर भांडण.

येताना ते झालं.
ब्रेक लागला, फिलोमिनाबाईंचा निळा गुंडा सुटला,
मागच्या सीटवरून पुढं
दुधाच्या किटल्या, कोंबडीची पाटी, कॉलेजची पोरं,
सगळ्यांनी पाय वर घेतले,
गुंडा थेट ड्रायव्हरच्या टाचेशी.
गाडीभर एक निळी रेघ.
"यार्दु इदु?" पोरगीनं विचारलं.
कुणी बोललं नाही.
मग ती वाकली, गुंडाळत गुंडाळत मागं आली,
एकेकाच्या पायातनं धागा सोडवत,
माझ्यासमोर थांबली, पंच बघितला.
"मास्तर काय तुम्ही? काय विणूलालायसा?"

बाही, म्हटलं. उजवी.

पुठ्ठा गडावरच राहिला होता,
म्हणून उरलेल्या ओळी त्या फुल तिकिटावर मारल्या.
आज बघतो तर शाई उडालीय,
कुठून कुठं, किती रुपये, काही दिसत नाही.
भोकं तेवढी नऊ.
का दहा?
बसाप्पा असता तर म्हणाला असता,
बाही लांबच बरी.